ठकुअक्कांचं बेट

ठकुअक्कांना वाचता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. कन्नड त्या अक्षराला अक्षर लावून वाचायच्या. बसवरची गावांची नावं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एवढं त्यांना पुरत होतं. मराठी मात्र त्यांनी कागदावर कधी पाहिलीच नव्हती. ती घरात बोलायची गोष्ट. ती कुणी छापत असेल असं त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं. आमच्या नीरजाचं गोष्टीचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांनी ते पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपलंच बोलणं हे, वैनी? मग एवढी अक्षरं कशाला लागली?"

बंगळूरला शिवाजीनगरच्या बाजारामागे आमचं वठार होतं. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मधे फरशीचं अंगण, अंगणात एकच नळ आणि नळावर रोज सकाळी चार-पाच भाषांतलं भांडण. ह्यांना विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही धारवाडहून तिथं आलो, ते अठ्ठावन्न साल असावं. मी बी. ए. झालेली, पण माझी धारवाडी कन्नड ऐकून नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी समोरच्या खोलीतून एक ठेंगण्या, गव्हाळ बाई तरातरा आल्या आणि माझ्या हातातली कळशी काढून घेत म्हणाल्या, "मराठी लोक न्हवं तुम्ही? द्या हिकडं. ह्यांना हसायला मी देते दुसरं काहीतरी." त्या ठकुबाई. सगळं वठार त्यांना ठकुअक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले.

त्यांची मराठी ऐकून आधी मलाही हसू यायचं. थोडं मीठ हवं तर "स्वल्प मीठ द्या", बरं म्हणायचं तर "सरी, मग येते मी". मधेच एखादा असा जुना शब्द यायचा की तो मी माझ्या आजीच्या तोंडीसुद्धा ऐकलेला नसायचा. त्यांचे पूर्वज कधी इकडे आले हे त्यांना ठाऊक नव्हतं. "लढाईला आले आणि राहिले," एवढंच सांगायच्या. "परत जायची बस चुकली असंल."

त्यांचे यजमान आप्पाजीराव शिवाजीनगरातल्याच एका शिंप्याच्या दुकानात कटर होते. साहेबलोकांचे सूट तिथं शिवले जात. उंच, शेलाटा माणूस, कानामागे खडू. कारागिरांशी तमिळ, मालकाशी उर्दू, गिऱ्हाइकाशी मापापुरतं इंग्रजी, रस्त्यात कन्नड आणि उंबरा ओलांडला की मराठी. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे आणि अख्खं वठार आपापल्या दारात उभं राहून हसायचं. ठकुअक्का यजमानांचं नाव घेत नसत. "आमच्या मालकांच्या तोंडात पाच खिसे हाईत," असं म्हणायच्या. "कुठल्या खिशात हात घालायचा ते कधी चुकत न्हाईत."

मूल नव्हतं त्यांना. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ठकुअक्का देवनहळ्ळीला, सासरच्या एकत्र घरात राहिल्या होत्या. त्या वर्षांबद्दल त्या बोलत नसत. एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "घरात बारसं असलं की मला गोठ्यात काम निघायचं, वैनी. जा म्हणायचे न्हाईत कुणी. काम निघायचं." अशाच एका बारशाच्या दिवशी आप्पाजीराव गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ. जाऊया." शेणाचे हात धुतले तेवढंच, नेसत्या लुगड्यानिशी त्या बंगळूरला आल्या. पुढं सणावाराला दोघं देवनहळ्ळीला जात, पंगतीला बसत, पण मुक्काम करत नसत. शेवटची बस धरून परत.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात आप्पाजीरावांना दुकानात, कापडावर कात्री चालवतानाच लकवा मारला. उजवं अंग गेलं. पाय पुढं जरा सावरला, ओढत का होईना चालू लागला. बोलणं मात्र गेलं ते गेलं. पाची खिसे रिकामे.

कळत होतं त्यांना, निदान आम्हाला तसं वाटायचं. पण खुणेचाही भरवसा नव्हता. पाणी हवं का म्हटलं की मान हलायची आणि पेला पुढं केला की डाव्या हातानं दूर सारला जायचा. हो कुठलं आणि नाही कुठलं, ते त्यांचं त्यांनाच धरता येत नव्हतं. डोळे मात्र अगदी पूर्वीचे. त्यामुळं ते बघायला जास्त अवघड जायचं.

मालिशसाठी त्यांना छावणीतल्या सरकारी इस्पितळात न्यायला लागायचं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ठकुअक्कांना समजावून सांगितलं, "रोज बोलायला लावा. लहान मुलाला शिकवतात तसं. आईशी ज्या भाषेत बोलत होते त्या भाषेत. गेलेले शब्द कधीकधी परत येतात." मी बरोबर होते. घरी येताना ठकुअक्का मला म्हणाल्या, "परत येतात म्हणाले, न्हवं?" मधला 'कधीकधी' त्यांनी ऐकलाच नव्हता.

जूनमध्ये थोरले दीर कृष्णाजीराव देवनहळ्ळीहून आले. पांढरा फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा, येताना पोतंभर नाचणी आणि टोपलीभर चकोतरं, म्हणजे आपली पपनसं. वाईट माणूस नव्हता. भावाच्या खुर्चीशी जमिनीवरच बसला आणि त्याचा लुळा हात आपल्या मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चोळत राहिला. ठकुअक्का दाराआड, कपाळाखाली पदर ओढून. थोरल्या दिरासमोर उभं राहून बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. त्यामुळं दोघांचं बोलणं माझ्यामार्फत, जणू मीच कुणी दुभाषी.

"बाई, भावजयीला सांगा," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आप्पाला मी घरी घेऊन जातो. तिनं पण यावं. तिथं दूध आहे, माणसं आहेत."

"त्यांना सांगा, मालिश चाललीय," दाराआडून आलं.

"मालिश करणारा गावात पण मिळतो."

"डॉक्टर बोलणं शिकवायला सांगितलेत म्हणावं."

कृष्णाजीरावांनी भावाचा हात अलगद खुर्चीवर ठेवला. मग म्हणाले, "सरी. आप्पाला इथं राहायचं असलं तर आप्पानं सांगू दे. त्याच्या तोंडून एक शब्द येऊ दे, इथंच राहतो म्हणून. मी पुन्हा विषय काढणार न्हाई. पण न बोलत्या भावाला एका बाईच्या जिवावर एका खोलीत टाकून बसलो, तर गाव माझ्या तोंडात काय घालेल? दसरा होऊ दे. मग मी येतो."

ते गेल्यावर ठकुअक्का बाहेर आल्या. पदर मागे सारला आणि यजमानांसमोर बसून म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? एक शब्द पायजे. जास्त न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि पाच दिवसांत बंद पडली. ठकुअक्का पेला दाखवून म्हणायच्या, "पाणी. म्हणा, पाणी." ताट दाखवून "भात". आप्पाजीराव तोंड उघडायचे, ओठ थरथरायचे, घशातून नुसता वारा आणि मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. पन्नाशीचा माणूस, साहेबलोकांची नक्कल करणारा. त्याला बायको 'पाणी' म्हणायला शिकवते आणि ते येत नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पेलाच भिरकावला. ठकुअक्कांनी फरशी पुसली आणि पुन्हा पेला दाखवला नाही.

त्याच सुमारास मी दुपारी अंगणाच्या सावलीत बसून नीरजाकडून मराठी वाचून घ्यायचे. तिची शाळा कन्नड-इंग्रजी; घरची भाषा विसरेल म्हणून तिच्या मामानं सांगलीहून मुलांची एक कादंबरी पाठवली होती. कोकणातली दोघं बहीणभाऊ गलबतातून जातात, वादळ येतं, गलबत फुटतं आणि लाटा त्यांना एका ओसाड बेटावर नेऊन टाकतात. समुद्रावरच्या शब्दांनी पुस्तक नुसतं भरलेलं. नीरजा नऊ वर्षांची. दर ओळीला अडायची, मी अर्थ सांगायची.

एके दिवशी मान वर केली तर आप्पाजीरावांनी खुर्ची आमच्याकडे वळवलेली. कधी वळवली कळलं नाही. ऐकत होते. मागं ठकुअक्का गहू निवडत होत्या, त्यांचेही हात थांबलेले.

"थांबलीस का गं?" त्या नीरजाला म्हणाल्या. "वादळ आलं, पुढं?"

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही चौघं. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की ह्या पुस्तकाशी आप्पाजीरावांचं भांडण नव्हतं. 'पाणी' आणि 'भात' हे त्यांचे स्वतःचे शब्द. ते येत नाहीत ह्याची लाज. पण 'गलबत', 'वल्हं', 'ओहोटी' हे त्यांच्या घराण्यात कुणालाच कधी आले नव्हते. ठकुअक्काही अडखळायच्या. ह्या शब्दांपुढं नवरा-बायको एका बाकावर होते. बाई मात्र नऊ वर्षांची आणि फार कडक.

"शीड म्हणजे काय?" नीरजा विचारायची.

"कापड. वारा धरायचं," ठकुअक्का सांगायच्या.

"बरोबर. नांगर?"

"शेतातला."

"चूक. हा समुद्रातला."

"समुद्रात काय पेरतात गं?"

"पेरत नाहीत. गलबत वाहून जाऊ नये म्हणून खाली टाकतात. परत म्हणा."

शिडाचं चित्र पुस्तकात होतं. ते बघून आप्पाजीरावांनी डाव्या हातानं बायकोच्या खांद्यावरचा पंचा ओढला, मांडीवर पसरला आणि कोपरा धरून तिरका दुमडला. अगदी तसाच त्रिकोण. नीरजानं टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी त्या माणसाच्या तोंडावर काही केल्याचा भाव आला होता.

'बेट' हा शब्द तर पानापानावर होता.

"बेट्ट?" ठकुअक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. बंगळुरात हे शेंबड्या पोराला माहीत. "पाण्यात बेट्ट कुठून आलं?"

"बेट्ट नाही हो, ठकुअक्का. बेट. चारी बाजूंना पाणी आणि मधे जमीन."

त्यांना पटेना. शेवटी नीरजानं परातीत पाणी ओतलं, मधे वाटी पालथी घातली आणि वाटीवर दोन तीळ ठेवले. "हे बहीणभाऊ. आणि हे बेट."

ठकुअक्का त्या परातीकडे बघत राहिल्या. "आणि बोलवायचं कुणाला झालं तर?"

"कुणी नसतंच तिथं," नीरजा म्हणाली.

आप्पाजीरावांनी हात लांब करून वाटीला बोट लावलं. मग रोज वाचायला बसलं की ते परातीकडे बोट दाखवायचे आणि नीरजा बेट मांडून द्यायची.

ऑगस्ट उलटत आला असेल. मी आत भाजी चिरत होते. अंगणातून नीरजा धावत आली, "आई, आई, काका बोलले." मी बाहेर गेले तर ठकुअक्का खुर्चीपुढे उकिडव्या बसलेल्या, आणि आप्पाजीराव वाटीवर बोट टेकवून, जीभ जड झालेल्या माणसासारखं पण स्पष्ट म्हणत होते, "बेट. बेट."

ठकुअक्कांनी त्या दिवशी नळावरच्या ज्या बाईशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं तिच्याही हातावर साखर ठेवली. कुणी विचारलं काय म्हणाले, तर सांगायच्या, "मोठा शब्द आहे. पुस्तकातला. तुला न्हाई कळायचा."

आता इतर शब्द येतील ह्याची आम्ही वाट बघू लागलो. आले नाहीत. जो आला तोच मात्र सगळीकडे येऊ लागला. पाणी हवं, बेट. ऊन लागतंय, बेट. नीरजाला हाक, बेट. दुकानातला जुना कारागीर भेटायला आला, त्याचा हात धरून आप्पाजीराव डोळ्यांत पाणी आणून तीनदा म्हणाले, "बेट, बेट, बेट." तो बिचारा तमिळ माणूस, माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार?

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, असं होतं. एकच शब्द हाताला लागतो आणि माणूस त्यालाच धरून राहतो. पुढं सुटेल का? बघू.

ठकुअक्कांनी आधी ते मनावर घेतलं नाही. "पाण्याचं बेट बारीक असतं, वैनी. रागाचं बेट जाड. मला कळतं." मी लक्ष देऊन ऐकलं. मला काही फरक कळला नाही, आणि त्या रागाच्या बेटालाही कधी पाणी, कधी पंखा असं सगळं पुढं करून बघायच्या ते मला दिसत होतं.

दसरा जवळ आला तशा त्या 'इथं'च्या मागे लागल्या. दिरांना सांगायचा शब्द तोच. "इ-थं. म्हणा. माझ्या तोंडाकडं बघा. इ." आप्पाजीराव बायकोच्या ओठांकडे बघायचे, आपले ओठ तसेच फाकवायचे, मानेच्या शिरा ताणायच्या. आणि बाहेर यायचं, "बेट." मग ते स्वतःच दचकायचे. माझ्या समोर नीरजा एकदा हसली, मी तिला चिमटा काढला. पण आप्पाजीरावही हसले, पूर्वीसारखं, नकलाकारासारखं. ठकुअक्का नाही हसल्या. "परत," म्हणाल्या. "इ."

"ठकुअक्का, आजच्यापुरतं राहू द्या," मी म्हटलं.

"राहू देऊन कसं? त्या घरात मी ह्यांना न्यायचं? ज्यांनी मला तिथनं उठवून आणलं त्यांनाच?" आणि पुन्हा नवऱ्याकडे वळून, "इ-थं."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कृष्णाजीराव आले, भाड्याची मोटर घेऊन. ड्रायव्हर बाहेर टायरला टेकून उभा. नळाला पाणी नव्हतं तरी वठारातल्या बायका भांडी घेऊन नळावर जमल्या. ठकुअक्का दाराआड, पदर कपाळाखाली. मी भिंतीशी उभी.

कृष्णाजीराव पुन्हा खाली बसले, भावाचा हात हातात घेतला. "आप्पा, कसा आहेस? मी आलोय. बोलतोस म्हणे आता." मग गळा साफ करून म्हणाले, "मला सांग. इथं राहायचं का घरी यायचं? तू म्हणशील तसं. तुझ्या तोंडानं सांग."

दाराच्या फटीतून ठकुअक्कांचे ओठ मला दिसत होते. इ. आप्पाजीरावांनी दाराकडे बघितलं, मग भावाकडे. ओठ फाकले. मानेच्या शिरा वर आल्या.

"बेट," ते म्हणाले.

कृष्णाजीराव पुढं वाकले. "काय? काय म्हणालास?"

"बेट. बेट."

त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघता बघता बदलला. "बेट्ट," ते हळूच म्हणाले. "नंदीबेट्ट." माझ्याकडे वळले तेव्हा डोळे भरलेले. "आमच्या शेतातनं दिसतंय की, बाई. लहान असताना ढोरं सोडली की आम्ही दोघं त्याच्याकडं बघून पैजा लावायचो, आज ढग कुठवर येतोय म्हणून. आई गेली त्या दिवशी पण हा त्या बेट्टाकडं तोंड करून बसला होता. एवढं सगळं गेलं, पण ते राहिलं बघा त्याच्या डोक्यात."

"तसं नाही," मी म्हटलं. "ते बेट म्हणतात. हा पुस्तकातला शब्द आहे. बेट म्हणजे पाण्यातली जमीन." नीरजाला पुस्तक आणायला सांगितलं, पान उघडून त्यांच्यापुढं धरलं, मोठ्यानं वाचलंही. त्यांनी मान तुकवून सगळं ऐकून घेतलं. नागरी अक्षर त्यांना येत नव्हतं.

"तुम्ही शिकलेल्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकात असंल तसं. पण समुद्र माझ्या भावानं कधी बघितला न्हाई. बेट्ट रोज बघितलंय."

"ते सगळ्यालाच बेट म्हणतात."

"सगळ्याला?"

तेवढ्यात ठकुअक्का दाराबाहेर आल्या. पदर तसाच कपाळाखाली, पण आल्या, आणि थोरल्या दिरासमोर उभ्या राहिल्या. नळावरच्या बायकांनी हातातल्या कळश्या खाली ठेवल्या. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. खुर्चीपुढं धरून म्हणाल्या, "हे काय? सांगा ह्यांना. हे काय?"

दिवसातून दहा वेळा आप्पाजीराव त्या पेल्याला बेट म्हणत असतील. त्या वेळी म्हणाले नाहीत. पेल्याकडे बघितलं, बायकोच्या उघड्यावर आलेल्या हाताकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पूर्वी शिकवताना 'पाणी' म्हणायला लावलं की मिटायचे तसेच. ठकुअक्कांनी पंचा दाखवला. वाटी आणून दाखवली. काही नाही. शब्द नाही, वारा नाही.

"बघा की," कृष्णाजीराव अगदी मऊ आवाजात म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. मग भावाच्या कानाशी जाऊन, "आप्पा, जायचं बेट्टाकडं?"

आप्पाजीरावांनी डाव्या हातानं भावाची बाही धरली, गच्च, आणि मान हलवत मोठ्यानं म्हणाले, "बेट."

ते 'ने' म्हणत होते की 'नको' म्हणत होते, की त्यांना भावाला नुसती हाक मारायची होती, मला कळलं नाही. मी ठकुअक्कांकडे बघितलं. बेटाचे जाड-बारीक आवाज ओळखणारी ती बाई, तिलाही कळलेलं नव्हतं. मी म्हणाले, "ठकुअक्का, तुम्ही सांगा ना. काहीतरी सांगा." त्यांनी पेला खाली ठेवला आणि आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या फळीवरचे डबे उतरवत होत्या.

"अहो, तुम्हाला माहीत आहे तो शब्द कुठला ते. परातीतला आहे तो. माझ्या समोर शिकलेत ते."

"माहीत आहे की."

"मग?"

"आता पण तोच होता हे कसं सांगू, वैनी?" डब्याचं झाकण लावता लावता त्या थांबल्या. "उठवून आणलं मला त्यांनी, ते खरं. पण घर त्यांचं होतं की ते. माझ्यासाठी सोडलं. मी कधी विचारलं न्हाई, तुम्हाला आठवतंय का म्हणून. पंचवीस वर्षं बोलता येत होतं तेव्हा विचारलं न्हाई. आता एक शब्द आलाय, आणि मी म्हणू, तो त्यांचा न्हाई, नीरजाचा आहे?"

मी डबे बांधू लागले.

सामान फार नव्हतंच. आप्पाजीरावांना मोटरीत बसवताना त्यांचा पाय दारात अडकला. कृष्णाजीरावांनी खाली बसून तो दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. नीरजा पुस्तक द्यायला धावली. ठकुअक्कांनी ते परत तिच्या हातात दिलं. "मला येत न्हाई गं वाचायला," म्हणाल्या. "तू नसल्यावर काय करू?"

पुढच्या महिन्यात त्या खोलीत सेलमहून आलेलं एक कुटुंब राहायला आलं.

उगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, मी नीरजाला घेऊन देवनहळ्ळीला गेले. घर किल्ल्याच्या बाजूला, गावाच्या कडेला. पुढं शेत, आणि शेतापलीकडे दूर नंदीबेट्ट, धुरकट निळं. आप्पाजीराव ओसरीवर खुर्चीत होते. अंग सुधारलेलं, दूध मिळत होतं हे दिसत होतं. नीरजाला बघून चेहरा फुलला. "बेट," म्हणाले. ताक आलं, बेट. कुत्रं आलं, बेट.

कृष्णाजीराव शेजारी बसले होते. जरा वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही सांगत होता ते खरं होतं, बाई. सगळ्यालाच म्हणतो." फेटा काढून मांडीवर ठेवला. "पण आता काय करायचं? तिथली खोली गेली. मालिश करणारा पण येत न्हाई म्हणतो, लांब पडतंय."

ठकुअक्का मागच्या अंगणात होत्या. जाऊबाईंच्या नातवाचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. घरात माणसांची ये-जा चाललेली. त्यांनी हात धुऊन माझ्या हाताला धरलं आणि गोठ्याच्या सावलीत नेऊन बसवलं. कुणी काही बोलतं का, असं मी विचारलं. "न्हाई," म्हणाल्या. "आता कोण बोलणार? सगळी म्हातारी झाली." मग नीरजाला पुस्तकात पुढं काय झालं ते विचारलं. नीरजानं सांगितलं, की बहीणभावाला शेवटी एक गलबत येऊन घेऊन जातं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बघितलं म्हणायचं."

"शिकवता का अजून?" मी विचारलं.

"न्हाई. त्यांना त्रास होतो आणि मला पण."

आतून आप्पाजीरावांचा आवाज आला, "बेट. बेट." ठकुअक्का उठल्या. मी त्यांच्या मागोमाग ओसरीवर गेले. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि जोर लावून, फरशीवर करकर आवाज करत, ती डोंगराकडून आतल्या दाराकडे फिरवली. तिथून स्वयंपाकघर आणि चुलीजवळची त्यांची जागा दिसत होती.

"सकाळी डोंगराकडं तोंड करून ठेवते," धाप लागलेली असताना त्या मला म्हणाल्या. "दुपारपासनं माझ्याकडं. दोन्हीतलं एक तरी बरोबर असंल, न्हवं?"

आप्पाजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोच शब्द पुन्हा म्हटला. ठकुअक्का वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी, वीतभर, परत डोंगराच्या बाजूला सरकवली.